डेव्हलपर टूल बनवताना आधी काय करावं: दिसणं सुधारावं की फीचर्स वाढवावीत?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही आणि तुमचा मित्र गिटसाठी, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीसाठी, एक डेस्कटॉप टूल बनवताय. वेळ फक्त शनिवार-रविवारचा. मित्राचं म्हणणं, आधी ते दिसायला नीट करू. तुमचं म्हणणं, डेव्हलपरला दिसण्याशी काय देणंघेणं, त्याला फीचर्स द्या.

मी पुण्यात पाणीपट्टी-घरपट्टीच्या सॉफ्टवेअरवर काम करते. दिवसभर डोळ्यांसमोर डिफ असतो, म्हणजे जुन्या-नव्या ओळींतला फरक दाखवणारं पान, आणि त्यातला बराचसा देवनागरीत. त्यामुळे आधी माझ्याच टेबलावर घडलेलं सांगते.

गेल्या वर्षी मी एक बदल तपासत होते. टूल चांगलं देखणं होतं, पैसे भरून घेतलेलं. वर लाल पट्टीत ‘ग्राहकाचे नाव’, खाली हिरव्या पट्टीत ‘ग्राहकाचे नाव’. दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या. मला वाटलं, शेवटी एखादी स्पेस वाढली असेल. ‘ठीक’ म्हणून पुढे गेले. प्रत्यक्षात नवी ओळ होती ‘ग्राहकांचे नाव’. टूलने ओळींची उंची इतकी कमी ठेवली होती की शिरोरेषेच्या वरचा अनुस्वार वरच्या ओळीच्या रंगीत पट्टीखाली झाकला जात होता. एकाचं अनेक झालं आणि मला दिसलंच नाही. आठवड्याने ते एका लिपिकबाईंनी पकडलं. त्यांनी डिफ पाहिला नव्हता, छापील पावती पाहिली होती.

आता सांगा, ओळीची उंची तीन पिक्सेलनी वाढवणं हे मित्राच्या यादीत टाकाल की तुमच्या? डिफ दाखवणाऱ्या टूलचं कामच मुळी फरक दाखवणं आहे. तो दिसत नसेल तर मर्ज, रिबेस, स्टॅश अशा गिटच्या कामांची पन्नास बटणं असून उपयोग काय? म्हणून तुमच्या दोघांच्या भांडणाची रेघच मला चुकीच्या जागी ओढलेली वाटते. दिसण्यातला काही भाग माहिती पोचवतो आणि काही भाग फक्त नटवतो. पहिला भाग फीचरच आहे, आणि बहुतेक फीचर्सच्या आधीचा आहे.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण गिटच्या बाहेरचं आहे, वायरशार्क. नेटवर्कवरून जाणारी पॅकेट्स उलगडून बघायचं हे टूल 2006 पर्यंत इथरिअल नावाने चालायचं. त्याला कोणी सुंदर म्हणणार नाही. पण त्यातली फिल्टरची चौकट बघा. एखाद्या पोर्टचा फिल्टर लिहिताना बरोबरीच्या चिन्हावर वाक्य अर्धवट असेपर्यंत चौकट लाल असते. पुढे आकडा पडला की ती हिरवी होते. एंटर दाबायच्या आधीच कळतं की लिहिलेलं चालणार आहे. कुठे एररची खिडकी उघडत नाही, हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही. खालच्या भागात पॅकेटचं एखादं फील्ड निवडलं की शेजारच्या बाइट्समधले नेमके तेवढेच बाइट्स उजळतात, आणि बाइटवर क्लिक केलं की उलट फील्ड सापडतं. नेटवर्क प्रोटोकॉल मी निम्म्याहून अधिक तिथेच शिकले. हा सगळा रंगांचा खेळ आहे, आणि तो काढला तर टूलच उरत नाही.

त्याच वायरशार्कने 2015 साली 2.0 आवृत्तीत खिडक्या-बटणं काढणारी जीटीके ही लायब्ररी सोडून क्यूटी या दुसऱ्या लायब्ररीवर नवा इंटरफेस आणला. नव्यात स्क्रोलबारमध्येच पॅकेट्सच्या रंगांचा छोटा नकाशा दिसायला लागला, म्हणजे हजारो ओळींत गडबड कुठे आहे ते न सरकवता कळावं. पण जुन्यातल्या काही गोष्टी नव्यात अजून आल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी जुना इंटरफेसही सोबत देणं चालू ठेवलं. तो निघाला थेट 2019 मध्ये, 3.0 ला. सव्वातीन वर्षं दोन्ही सांभाळली. वापरणाऱ्याच्या हाताला बसलेली सवय मोडताना एवढा धीर धरावा, असं मला मनापासून वाटतं.

उलटं उदाहरण 2012 च्या व्हिज्युअल स्टुडिओचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहायच्या टूलचं. कोड उठून दिसावा म्हणून बीटा आवृत्तीत टूलबारवरच्या जवळजवळ सगळ्या आयकॉनांचे रंग काढून ते करडे केले. स्क्रीनशॉटमध्ये ते शांत, नेटकं दिसायचं. पण लोकांनी जोरदार तक्रारी केल्या, कारण आयकॉन आपण वाचत नाही, रंगाच्या ठिपक्यावरून नजर तिथे पोचते. अंतिम आवृत्तीपूर्वी काही आयकॉनांना रंग परत मिळाले. मेनूची नावं सगळी कॅपिटल अक्षरांत केली होती, ती मात्र तशीच राहिली आणि ज्यांना नकोत त्यांच्यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत एक सेटिंग ठेवलं. दिसण्यातल्या या बदलात नवं फीचर एकही नव्हतं आणि जुनं एकही काढलं नव्हतं, तरी रोजचं काम जड झालं.

आता तुमच्या बाजूचं. गिटसोबतच येणारं, बदलांचा इतिहास दाखवणारं गिट-के पॉल मॅकेरस यांनी 2005 मध्ये टीसीएल भाषेत, टीके हे खिडक्यांचं टूलकिट घेऊन लिहिलं. आजही ते नव्वदच्या दशकातल्या खिडकीसारखं दिसतं, आणि मी आजही ते उघडते. पिवळा ठिपका म्हणजे आपण जिथे उभे आहोत ते कमिट (नोंदवलेला बदल), लाल म्हणजे अजून इंडेक्समध्ये, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडलेल्या बदलांत, न गेलेले बदल, हिरवा म्हणजे इंडेक्समध्ये गेलेले. एखादा शब्द कोणत्या कमिटमध्ये आला किंवा गेला तेही शोधता येतं. गोल कोपरे नसल्याने माझं कधी काही अडलं नाही. म्हणजे टूल नटवलेलं नसलं तरी माणसं टिकतात, हे तुमचं म्हणणं खरंच आहे.

पण त्याचंच भावंड असलेल्या गिट गुईत निवडलेल्या ओळींपुरतंच स्टेज करता येतं, म्हणजे तेवढ्याच ओळी इंडेक्समध्ये टाकता येतात, ही गोष्ट माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला तीन वर्षं ठाऊक नव्हती. ती राइट-क्लिकच्या मेनूत आहे. तो एवढी वर्षं फाइलमधला नको असलेला भाग कापून बाजूला ठेवायचा, कमिट करायचा आणि परत चिकटवायचा. मी मेनू उघडून दाखवला तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. पुढच्या काही टूल्सनी हेच काम ओळीच्या क्रमांकाशेजारी, नजरेसमोर आणून ठेवलं. फीचर तेच, फक्त ते आहे हे बघणाऱ्याला कळायला लागलं.

तुमच्या जागी मी असते तर पहिले दोन शनिवार-रविवार फॉन्ट, ओळीची उंची आणि वेग यांना दिले असते. मोठी रेपॉझिटरी (प्रकल्पाचा इतिहासासकट सगळा कोड) उघडताना खिडकी गोठत असेल तर बाकी कशालाच हात लावला नसता, कारण गोठलेली खिडकी दिसली की माणूस सरळ टर्मिनलकडे वळतो, हाताने कमांड टाइप करायला. डिफमध्ये लाल-हिरव्यासोबत अधिक-उण्याची चिन्हं ठेवा. हे दोन रंग वेगळे न दिसणारी माणसं तुम्हाला वाटतात त्याहून जास्त असतात, आणि ती सांगत नाहीत. डार्क थीम सिस्टीमच्या सेटिंगप्रमाणे बदलली की पुरे. लोगो, सावल्या, सरकत येणाऱ्या खिडक्या पुढच्या वर्षी. मित्राला वाईट वाटेल, पण त्याची नजर चांगली असेल तर त्याला डिफच्या पानावर बसवा, खरी गरज तिथे आहे.

आणि आजच एक करा. एका फाइलमध्ये ‘त्याचे करून झाले’ असं लिहून कमिट करा, मग ते ‘त्यांचे करुन झाले’ असं बदला आणि आपल्याच टूलमध्ये डिफ उघडा. तुमच्या नेहमीच्या खुर्चीतून, पुढे न वाकता, अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार दोन्ही फरक दिसले, तर पुढचा शनिवार बिनधास्त तुमच्या फीचर्सना द्या.