पुण्यातल्या केअर सेंटरमध्ये पेशंटची आतून काळजी घेतली जाते की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना अर्धांगवायू झालाय, बोलता येत नाही, नाकातून नळी आणि लघवीची पिशवी आहे, घरी नर्सिंग ब्युरोची माणसं टिकत नाहीत आणि बघितलेली सगळी केअर सेंटरं सारखीच चकाचक दिसली. मी स्टाफ नर्स होते. निवृत्तीनंतर ड्रेसिंग करायला आणि कॅथेटर (लघवीची नळी) बदलायला कोथरूड, वारजे, धायरी भागातल्या सेंटरांत जाते. त्यामुळे मालक पाहुण्यांना जे दाखवतात त्याच्या पलीकडचं थोडंफार दिसतं.

आधी एक करा, ऑफिसात बसून माहितीपत्रक चाळू नका. बागेतला झोपाळा आणि भिंतीवरचे वाढदिवसांचे फोटो बघून काही कळत नाही. तुमच्या वडिलांसारखाच, पडून असलेला आणि बोलता न येणारा पेशंट बघायचाय म्हणून सांगा. जे आजोबा स्वतः हाक मारून चहा मागतात ते कुठेही बऱ्यापैकी राहतात.

अशा पेशंटचं फक्त तोंड, हात आणि पाय बघितलेत तरी पुष्कळ कळतं. ओठांना पापुद्रे सुटलेत का? जिभेवर पांढरा थर आहे का? नळीवर असलेल्या माणसाचं तोंडही दिवसातून दोन-तीनदा ओल्या कापडानं पुसावं लागतं, आणि कामाची घाई झाली की सगळ्यात आधी तेच राहून जातं. लुळ्या हाताची मूठ हळूच उघडायला सांगा. आत मळ साचून आंबूस वास येत असेल तर तिथे स्पंजिंग म्हणजे वरवर टॉवेल फिरवणं आहे. मग टाचा बघा. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवलेली असेल तर तिथे कुणीतरी शिकलेलं माणूस लक्ष घालतंय. एवढंच पुरे. तुम्हाला दाखवायला म्हणून परक्या माणसाची चादर कमरेपर्यंत वर करणारं सेंटर मला तरी नको, उद्या तुमच्या वडिलांचीही करतील.

‘बेडसोर होतात का तुमच्याकडे?’ असं विचारलंत तर उत्तर ‘छे छे’ असंच येणार. त्याऐवजी सिस्टरना विचारा, आत्ता किती जणांना आहेत, त्यातले येतानाच घेऊन आलेले किती आणि इथे झालेले किती. हॉस्पिटलमधून बरेच पेशंट माकडहाडावर जखम घेऊनच येतात, त्यामुळे वीस माणसं पडून असलेल्या जागी ‘एकही नाही’ हे उत्तर मला पटत नाही. ‘तिघांना आहेत, दोघांच्या भरत आल्यात, एकाची अजून खोल आहे’ असं चालता चालता सांगणारी सिस्टर भेटली तर तिथे बसून पुढचं बोला.

मग कूस बदलल्याचा चार्ट मागा. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. एका ठिकाणी मी सकाळी अकराला ड्रेसिंगला गेले तर दुपारी चारपर्यंतच्या सगळ्या कुशी भरून तयार होत्या, एकाच पेनानं, एकाच सहीनं. चार वाजता आजी डाव्या कुशीवर असणार होत्या म्हणे! म्हणून चार्ट बघताना आधी घड्याळ बघा, आणि चार्टात उजवी कूस लिहिली असेल तर माणूस खरंच उजव्या कुशीवर आहे का ते बघा. औषधांच्या चार्टलाही हाच नियम. दुपारीच रात्री नऊच्या गोळ्यांवर टिक दिसली तर पुढे काही विचारायची गरज नाही.

एअर बेड आहे म्हणजे कूस बदलायला नको, असं स्टाफमधल्या लोकांनाही वाटतं. तसं नसतं. पंपाचा दिवा लागलाय का, गादीत हवा भरतेय का आणि वर रबर शीट, जाड चादर, त्यावर आणखी घडी असे थर तर घातले नाहीत ना, हे हात लावून बघा. इतके थर घातले की एअर बेड असून नसल्यासारखा. पंप विजेवर चालतो, तेव्हा लाइट गेली की इन्व्हर्टर त्याला किती तास पुरतो तेही विचारा. आणि जमलंच तर महापालिकेनं पाणी बंद जाहीर केलेल्या गुरुवारी किंवा पाणी कमी दाबानं येतं त्या शुक्रवारी जा. डायपरवरच्या माणसांना पाणी किती लागतं हे घरी केलंय म्हणून तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी जिथे वास येत नाही तिथली व्यवस्था खरी. फिनेलचा घमघमाट सुटला असेल तर तोही वासच समजायचा.

जेवणाच्या वेळेला जाणं सगळ्यात उपयोगाचं. नळीनं फीड म्हणजे पातळ आहार देताना पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच ठेवायची. आडवं ठेवून दिलं की पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि मग न्यूमोनियाला तोंड द्यावं लागतं. सिरिंजकडे नीट बघा. दट्ट्या काढून नुसती नळकांडी नळीला लावायची, उंच धरायची आणि फीड आपल्या गतीनं उतरू द्यायचं. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दट्ट्यानं ढकलून दोन मिनिटांत उरकत असतील तर मावशी वाईट नाहीत, त्यांच्या वाट्याला पेशंट फार आलेत. मी तर याच एका गोष्टीवरून तिथे माणसं पुरेशी आहेत की नाहीत ते ठरवते.

लघवीची पिशवी ओटीपोटाच्या पातळीखाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. व्हीलचेअरवर बसवताना ती मांडीवर ठेवणारे पुष्कळ भेटतात.

आता रात्रीचं. ‘चोवीस तास नर्सिंग’ असं सगळ्यांच्याच बोर्डवर असतं. तुम्ही विचारा, रात्री ड्युटीवर किती जण, त्यातले जीएनएम किंवा एएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेले किती, आणि त्यांची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दाखवाल का. पांढरा कोट घातला म्हणजे कुणी सिस्टर होत नाही. मावशी आणि मामा चोवीस तासांची ड्युटी करत असतील तर रात्री दोनला कूस बदलली जात नाही. ती त्यांचीही झोपायची वेळ असते, त्यांना मी दोष देत नाही. मावशी एकट्या असताना ‘इथे किती वर्षं झाली?’ एवढंच विचारा. तीन-चार जुन्या मावशी असलेलं सेंटर रंग उडालेलं असलं तरी मी आधी निवडेन.

‘आमच्याकडे रात्री सगळे शांत झोपतात’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटना गप्प ठेवण्यासाठी मानसिक आजाराची औषधं सर्रास दिली जातात. त्यांच्यात या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००५ मध्ये नव्या औषधांवर आणि २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांवरही छापायला लावला. ती कधीच द्यायची नाहीत असं नाही. पण कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी, किती दिवसांकरता लिहिली आणि तुम्हाला कळवलं का, हे सांगता आलं पाहिजे. तुमच्या वडिलांचा प्रश्न वेगळा असेल. चांगल्या हातानं ते नळी ओढतील आणि मग सेंटरवाले त्यांचा हात पलंगाला बांधतील. तुमच्याकडे अशा वेळी काय करता, हे भरती करण्याआधीच विचारा. हातात जाड मोजा घालतो, नळीची चिकटपट्टी बदलून नीट लावतो, जवळ कुणी बसतं, असं काही ऐकू आलं तर ठीक. ‘बांधावंच लागतं हो’ असं म्हणाले तर किती वेळ आणि कोण सोडतं ते विचारा.

नोंदणीचं थोडक्यात सांगते. नोंदणी आहे म्हणाले की कशाची ते बघा. १९४९ च्या कायद्याखालची शुश्रूषागृहाची नोंदणी (शहरात ती महापालिकेकडे होते), १९५० च्या कायद्याखालची ट्रस्टची नोंदणी आणि नुसतं शॉप ॲक्ट लायसन्स या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातल्या शेवटच्या दोन्हींचा नर्सिंगशी काही संबंध नाही. पैशांचं म्हणाल तर महिन्याच्या आकड्यात डायपर, औषधं, फिजिओ, डॉक्टरांची व्हिजिट, नळी आणि कॅथेटर बदलणं यातलं काय धरलंय आणि काय वरून लागणार, ते लिहून घ्या. डिपॉझिट परत कधी मिळणार तेही.

ठेवल्यानंतर पहिले दोन महिने न सांगता, वेगवेगळ्या वेळी जात जा. दर आठवड्याला माकडहाड, खुबे आणि टाचा स्वतः बघा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर पांढरा न होता लालच राहिला तर ती बेडसोरची सुरुवात आहे, त्याच दिवशी सिस्टरना दाखवा आणि फोटो काढून ठेवा. पडून असलेल्या माणसाचं वजन करणं अवघड, म्हणून महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपनं दंडाचा घेर मोजून वहीत लिहा. घेर उतरत चालला तर फीड कमी पडतंय किंवा अर्धं दिलं जातंय का, ते विचारा. ‘इन्फेक्शन होतं म्हणून भेटी बंद, व्हिडिओ कॉल करा’ हे कारण महिनोन् महिने चालू राहिलं तर दुसरी जागा शोधायला लागा. मारहाण, उपासमार असलं काही दिसलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

राहता राहिला भागाचा प्रश्न. तुम्ही धायरीजवळच्या वडगावला राहता आणि शहराच्या दुसऱ्या टोकाचं, वाघोलीचं सेंटर मनात भरलंय, असं लिहिलंय. तिथून तुमच्या घरी यायला संध्याकाळी किती वेळ लागतो ते एकदा स्वतः बघा. धायरी किंवा नऱ्ह्याचं त्याहून थोडं साधं मिळालं तरी मी ते घेईन. ऑफिसमधून येताना दहा मिनिटं वर जाऊन टाचा बघता येतील, आणि रात्री फोन आला तर तुम्ही १०८ च्या आधी पोचाल.