देवभूमीतला तुकडा आणि अंगणातला गुलमोहर

प्रश्न : मे महिन्यात आम्ही मनालीला गेलो असताना जंगलात आडव्या पडलेल्या एका सूचिपर्णी झाडाच्या ओंडक्यावर बशीएवढी, फळीसारखी बाहेर आलेली टणक बुरशी दिसली. तिचा मागचा भाग काळपट, पुढे तांबडा पट्टा आणि कडेला पांढरट काठ होता. गळून पडलेला एक तुकडा आणि तिथल्या लाकडाची ढलपी सोबत पाठवत आहे. ही कोणती बुरशी असावी? आमच्या अंगणातल्या गुलमोहराच्या बुंध्याशीही तांबूस, चकचकीत बुरशी आली आहे; ती हीच का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुकड्याबरोबर आपण लाकूडही पाठवले, हे फार चांगले केले. अशी बुरशी वरच्या रंगावरून ओळखायला गेले की हमखास चूक होते, कारण तो रंग वयाप्रमाणे बदलतो. खालची बाजू आणि कुजलेले लाकूड मात्र सहसा फसवत नाही.

आपल्या तुकड्याची खालची बाजू सायीच्या रंगाची असून तिच्यावर बारीक, गोल छिद्रे आहेत; भिंगाखाली मोजली तर एका मिलिमीटरमध्ये ४ ते ५ भरतात. तुकडा मधोमध कापल्यावर नळ्यांचे एकावर एक थर दिसले, म्हणजे ही पावसाळ्यापुरती उगवणारी कुत्र्याची छत्री नव्हे, तर वर्षानुवर्षे थराथराने वाढणारी बुरशी आहे. त्यानंतर तांबड्या पट्ट्याजवळच्या कवचाला पेटती काडी लावून पाहिली, तेव्हा ते जळण्याऐवजी लाखेसारखे वितळले आणि त्याला बारीक बुडबुडे आले. कवचातल्या राळेसारख्या द्रव्यामुळे असे होते. दिसायला जवळची असलेली फोमीस फोमेन्टेरियस या परीक्षेत वितळत नाही.

लाकडाची साक्ष त्याहून पक्की आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात जशा चौकटीचौकटीच्या भेगा पडतात, तशी ही ढलपी तडकलेली आहे आणि चिमटीत चुरगळली की तिची तपकिरी भुकटी होते. ही तपकिरी कूज होय. यात बुरशी लाकडातले सेल्युलोज खाऊन टाकते आणि लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन थोडेफार बदलून बरेचसे मागे ठेवते, म्हणून रंग तपकिरी राहतो आणि ताकद निघून जाते. सूचिपर्णी झाडांच्या मुळांशी येणारी हेटरोबेसिडिऑन ही बुरशी पांढरी कूज करते, म्हणजे लिग्निनही खाते आणि लाकूड फिकट करते, तेव्हा ती बाद होते. फीओलस श्वाइनित्झी तपकिरी कूज करते खरी, पण तिची छत्री एकाच हंगामाची आणि वरून मखमली केसाळ असते.

यावरून ही फोमिटॉप्सिस पिनिकोला किंवा तिची अगदी जवळची बहीण आहे, असे मी म्हणेन. १८१० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ स्वार्ट्‌झ यांनी तिचे वर्णन केले आणि १८८१ मध्ये बुरशीतज्ज्ञ कार्स्टेन यांनी तिला आजच्या फोमिटॉप्सिस या प्रजातीत ठेवले. पिनिकोला म्हणजे पाइनवर राहणारी, तरी ती फर, स्प्रूस आणि क्वचित बर्चवरही येते. जनुकीय अभ्यासामुळे या एका नावाखालच्या अनेक जाती अलीकडे वेगळ्या काढल्या गेल्या आहेत (उत्तर अमेरिकेतल्या दोन जातींना २०१९ मध्ये नवी नावे मिळाली), म्हणून हिमालयातल्या तुकड्याच्या चिठ्ठीवर ‘पिनिकोला समूह’ एवढेच लिहावे, हे प्रामाणिकपणाचे होईल. तिच्याविषयी मनात अढी मात्र ठेवू नये. पडलेले ओंडके कुजवून तीच त्या जंगलाची माती घडवते.

आपला गुलमोहर ही वेगळी आणि अधिक तातडीची गोष्ट आहे. वर्णनावरून ती गॅनोडर्मा असण्याची शक्यता मोठी आहे. खालच्या पांढऱ्या बाजूवर नखाने रेघ ओढावी. ती लगेच तपकिरी झाली आणि आसपास कोकोसारखी बीजाणूंची भुकटी पसरलेली दिसली, तर शंका उरणार नाही. ही बुरशी मुळे आणि बुंधा आतून पोखरते, लाकूड फिकट व तंतुमय करते. बाहेरची छत्री काढून किंवा तिला चुना लावून उपयोग होत नाही, कारण खरी बुरशी आत पसरलेली असते. गुलमोहराची मुळे उथळ असतात आणि वळवाच्या वाऱ्यात हीच झाडे आधी आडवी होतात. लाकडी हातोडीने बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकून पाहावे. एका बाजूला पोकळ आवाज आला, तर महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवून पाहणी करून घ्यावी. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरात झाड तोडण्यासाठी आधी परवानगी लागते, म्हणून अर्ज वळवाच्या आधीच द्यावा आणि तोवर त्या झाडाखाली गाडी लावू नये, मुलांना झोका बांधू देऊ नये.