अँटेना नंतर, आधी डमी लोड

हॅम रेडिओवरून डिजिटल टीव्हीचं चित्र पाठवायचंय ना, मग अँटेना जोडायची घाई करू नकोस. प्लूटोच्या (संगणकाला जोडायचा छोटा एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ; इथे ट्रान्समीटर) आउटपुटला ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा रोध, लाव. आरटीएल-एसडीआरला (यूएसबीवर चालणारा छोटा रिसीव्हर) वायरचा छोटा तुकडा लावून शेजारी ठेव, तेवढ्यावरही सिग्नल दिसतो. ४३७ मेगाहर्ट्झ, डीव्हीबी-एस (उपग्रह टीव्हीची डिजिटल पद्धत), सेकंदाला ३३३ किलोसिम्बॉल (डेटा पाठवायचा वेग), सुरुवातीला एवढंच. चित्र न तुटता आलं की मगच अ‍ॅम्प्लिफायर.

तेव्हा मात्र वॅटमीटर विसर, स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे त्याचा आलेख, बघ. सपाट माथ्याच्या दोन्ही बाजूंना खांदे उचलले गेले, म्हणजे ड्राइव्ह (आत दिलेला सिग्नल) जास्त झाला. एफएमला २० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर इथे ४-५ वॅटवरच चालवायचा. (मी हट्टाने रेटला होता. चित्र गेलंच, ट्रान्झिस्टरही गेला.)

आणि हो, प्लूटोची तिसरी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट ठिकाणी येणारा नको असलेला सिग्नल), १३११ मेगाहर्ट्झची, चांगलीच जोरदार असते. अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी फिल्टर हवाच.