कडबाकुट्टीत हात गेला, आता धनुष्य कसं ओढणार?

प्रश्न : ताई नमस्कार, मी होटगी रोडला राहतो, भाचा मोहोळ तालुक्यातला, १७ वर्षांचा. कडबाकुट्टीत त्याचा उजवा हात कोपराच्या वरून गेला. हात नसलेल्या तिरंदाज शीतल देवीचे व्हिडिओ बघून आर्चरीचा हट्ट धरलाय, घरचे म्हणतात ती लहानपणापासून पायानेच सगळं करते, याचं वेगळं. एका हाताने धनुष्य धरेल का दोरी ओढेल? आणि यांना टार्गेट जवळ ठेवतात का?

उत्तर : मामा, डावा हात शाबूत आहे म्हणजे धनुष्य धरायचा प्रश्न मिटला, राहिली दोरी, ती दाताने ओढायची. खरंच! दोरीला चामड्याची नायतर नायलॉनची छोटी पट्टी असते, माउथ टॅब म्हणतात, ती दातांत घट्ट धरायची, मान हलवायची नाही आणि डाव्या हाताने धनुष्य पुढं ढकलायचं, मग जबडा सैल सोडला की बाण सुटला. अमेरिकेचा एरिक बेनेट असंच खेळत पॅरालिम्पिकला गेला. फक्त सुरुवातीलाच ओढायला जड बो (धनुष्य) दिला तर दात आणि मान दोन्हीची वाट लागेल, म्हणून आधी डेंटिस्टला दाखवा आणि अगदी हलक्या बोवर सुरू करा.

दुसरा रस्ता खांद्याच्या पट्ट्याचा. शीतल उजव्या पायाने धनुष्य धरते, दोरी खांद्याच्या पट्ट्याला लावलेल्या रिलीजने (दोरी पकडून सोडणारी कळ) ओढते आणि जबड्याने सोडते. तिचा बो कंपाऊंड, त्याला चाकं असतात त्यामुळे पूर्ण ओढल्यावर ताण बराच कमी होतो, नेम धरायला उसंत मिळते.

अंतराचं म्हणाल तर सूट काही नाही हो, मला तर हेच सगळ्यात आवडतं. भाचा बसला तर ओपन गटात बसेल, तिथं रिकर्व्ह (बिनचाकाचा बो) ७० मीटरवर आणि कंपाऊंड ५० मीटरवर, धडधाकट खेळाडूंसारखंच. सवलत साधनात मिळते, तीही तपासणी करून कुणाला काय वापरता येईल ते ठरवतात, मग कुणाला स्टूल, कुणाला पट्टा. हातपाय दोन्ही अधू असलेल्यांचा डब्ल्यू१ गट वेगळा, त्यात बोची ओढ ४५ पाउंडांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे कोचला विचारल्याशिवाय ऑनलाइन महागडा बो मागवू नका, पैसे पाण्यात जातील.

आणि घरच्यांना सांगा, आपल्या करमाळ्याचा सुयश जाधव दोन्ही हात गमावून रिओ पॅरालिम्पिकला पोहून आला, तेव्हा याचा एक तरी आहे.

प्रश्न : मुलीला अजिबात दिसत नाही, तिला जमेल का? (अक्कलकोट रोडच्या एक आई)

उत्तर : जमेल की. अंतर ३० मीटर, पाय कुठं ठेवायचे त्याची खूण जमिनीवर असते, आणि स्टँडवरची एक काडी हाताच्या मागच्या बाजूला टेकते त्यावरून नेम कळतो. मागं बसलेला मदतनीस बाण कुठं लागला ते घड्याळाच्या काट्यावर सांगतो, "दोन वाजता, निळ्यात" असं, निळ्यात म्हणजे टार्गेटच्या निळ्या वर्तुळात. पॅरालिम्पिकमध्ये हा गट नाही, पण वर्ल्ड चॅम्पियनशिपला असतो.