नीरा-वेळवंडीच्या खोऱ्यातले निवांत रस्ते: वाचकांचे प्रश्न

भोर आणि वाईच्या आसपास सायकल चालवणाऱ्यांची पत्रे पावसाळा ओसरू लागला की वाढतात. त्यांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

हायब्रिड सायकल आहे, मोठा घाट नको, गाड्यांची वर्दळ तर नकोच. पुण्याजवळ ५०-६० किलोमीटरचा असा रस्ता आहे का? (कोथरूड, पुणे)

आहे, पण त्याची सुरुवात पुण्यातून करू नका. कात्रजच्या बोगद्यापासून कापूरहोळपर्यंतचा महामार्ग सायकलसाठी नाही. सायकल गाडीवर टाकून भोरला या आणि भाटघर धरणाच्या फुगवट्याकडे वळा. वेळवंडी नदीवरचे हे जुने धरण. जलाशयाला आता येसाजी कंकांचे नाव आहे. पाण्याच्या कडेने वेळवंड खोऱ्यात आत जाणारा रस्ता धरा.

हे रस्ते निवांत आहेत याचे कारण साधे आहे: पुढे सह्याद्रीची धार आहे, पलीकडे कुठे जाता येत नाही. गावची एसटी, दुधाची गाडी आणि दुचाक्या एवढीच वाहतूक. नकाशावर निवांत रस्ता शोधताना हीच खूण धरा. दोन मोठ्या गावांना जोडणारा रस्ता कितीही अरुंद दिसला तरी रविवारी त्यावर गाड्या असणारच. शेवटच्या वाडीला संपणारा रस्ता बहुधा मोकळा सापडतो. जाऊन त्याच रस्त्याने परत यावे लागते, याची तक्रार फार जण करतात. आमच्या मते ती बिनबुडाची आहे. उलट दिशेने खोरे निराळेच दिसते.

नकाशात हा रस्ता पाण्याच्या कडेने सपाट वाटतो. तसा तो नाही. डोंगराची एकेक सोंड पाण्यात उतरलेली असते आणि दोन सोंडांच्या मध्ये ओढा असतो. रस्ता सोंडेवर चढतो, ओढ्याच्या मोरीवर उतरतो, पुन्हा चढतो. एकेक चढ २०-३० मीटर उंचीचाच, पण असे पंधरा झाले की ३००-४५० मीटर चढाई होते, म्हणजे एका मध्यम घाटाएवढी. म्हणून अंतर ठरवून न जाता वेळ ठरवून जा. सकाळी साडेसहाला निघालात तर साडेआठला जिथे असाल तिथून मागे फिरा. उन्हाळ्यात दहानंतर पश्चिमेचा वारा खोऱ्यातून वाहू लागतो. जाताना तो लागत नाही आणि येताना पाठीवर मिळतो. उशिरा निघणाऱ्याला जाताना तोच तोंडावर घ्यावा लागतो.

ऑगस्टमध्ये वरंधा घाटातून महाडला उतरायचा बेत आहे. काय काळजी घ्यावी? (चिंचवड)

बेत ऑक्टोबरनंतर ढकला. पावसाळ्यात हा घाट प्रशासन बरेचदा बंद करते, कधी फक्त अवजड वाहनांना तर कधी सगळ्यांनाच. ‘सायकल तर काय, बाजूने निघून जाईल’ हा हिशोब इथे चालत नाही. दरड गाडी बघून येत नाही. २०२१ च्या जुलैत ज्या तळिये गावावर दरड कोसळली ते याच डोंगररांगेच्या कुशीत, महाड तालुक्यात आहे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारीत मात्र या वाटेसारखी वाट नाही. भोर-आपटी-निगुडघर करत नीरा-देवघर धरणाच्या कडेने हिर्डोशी खोऱ्यात शिरायचे. पुढे शिरगावला नीरेचा उगम लागतो. भोरकडून खिंडीपर्यंतचा चढ सौम्य आहे. खरी उंची आहे ती कोकणात उतरताना. म्हणूनच, गाडीची सोय नसेल तर वाघजाईच्या देवळाशी थांबा, भजी खा आणि मागे फिरा. कोकणाच्या बाजूच्या माझेरीपर्यंत ‘थोडेसे’ उतरलेले पुष्कळ जण दुपारच्या उन्हात सायकल ढकलत वर येताना दिसतात.

वय ४८. रोडबाइकला पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८ आहे. मांढरदेवीच्या चढावर गुडघे दुखतात. व्यायाम कमी पडतो की सायकलमध्ये दोष आहे? (सातारा)

बहुतेक वेळा गिअरचाच दोष असतो. हिशोब बघा. हे आकडे चक्र्यांच्या दात्यांचे. तुमचा सगळ्यात हलका गिअर पुढे ३४, मागे २८ दाते; ३४/२८ म्हणजे १.२१. २८ मिमी टायरच्या चाकाचा घेर साधारण २.१३ मीटर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे ठेवायचे तर वेग ताशी ९.३ किलोमीटर हवा. तुमचे वजन ७५ आणि सायकल, पाणी, सामान मिळून १२ किलो धरले, तर ८ टक्के चढावर या वेगाला जवळपास २०० वॅट लागतात. एवढी ताकद तासभर टिकवणे हौशी माणसाला जड जाते. मग फेरे पन्नासच्या खाली येतात आणि प्रत्येक फेऱ्याचा भार गुडघ्यावर पडतो. मागे ३४ दात्यांची चक्री बसवली तर त्याच ६० फेऱ्यांना वेग ७.७ आणि ताकद १६५ वॅटच्या आसपास लागते. फरक एवढा मोठा आहे.

नुसती कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, विकत आणू नका. तीन गोष्टी बघा. एक, मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा, पिंजरा. आखूड पिंजऱ्याचे बरेच डिरेलर २८ किंवा ३० दात्यांपर्यंतच चालतात; ३४ ला मध्यम किंवा लांब पिंजरा लागतो. दोन, चेनची लांबी. डिरेलरमधून न घेता चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रीभोवती गुंडाळा, टोके जिथे जुळतील त्यात दोन कड्या वाढवा. जुनी चेन तशीच ठेवली आणि चढावर चुकून मोठ्यावर मोठी पडली, तर डिरेलर चक्क उपटून निघतो, कधी फ्रेमचा हँगरही (डिरेलर जिथे जोडलेला असतो तो तुकडा) मोडतो. तीन, चेन ०.७५ टक्के ताणली असेल तर तीही बदला, नाहीतर ती नवी कॅसेट लवकर खाते.

सराव आणि चाचणीसाठी वाई-पाचगणीचा पसरणी घाट घ्या. वाई सुमारे ७२० मीटरवर, पाचगणी १,२९० च्या जवळ, अंतर बारा-साडेबारा किलोमीटर. सरासरी साडेचार-पावणेपाच टक्के. तिथे ७० फेरे सहज टिकले तर मांढरदेवी जमेल. मात्र पसरणीला पाचगणी-महाबळेश्वरची सगळी वाहतूक असते, तेव्हा सकाळी सातच्या आत वर पोहोचा. मांढरदेवीला उलटे: एरवी रस्ता मोकळा, पण मंगळवार-शुक्रवार आणि पौषातल्या काळूबाईच्या जत्रेचे दिवस सोडा.

आणखी एक. डावीकडच्या वळणात आतली कड सगळ्यात उभी असते. मागून-पुढून कोणी नसेल तर लेनच्या मध्यावरून वळा, चढ निम्मा वाटतो. आंधळ्या वळणावर मात्र उजवीकडे सरकू नका.

घाट उतरताना मागचे चाक दोनदा अचानक बसले. टायरवर काटा नाही, काच नाही. रिम ब्रेक आहेत. (वाई)

ट्यूब काढून भोक कोणत्या बाजूला आहे ते बघा. आतल्या बाजूला, म्हणजे आऱ्यांकडच्या, असेल तर दोष रिम टेपचा, म्हणजे रिमवरची आऱ्यांची भोके झाकणाऱ्या पट्टीचा. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापते. प्लॅस्टिकची टेप नरम होऊन आऱ्यांच्या भोकात खचते आणि फुगलेली ट्यूब तिच्यात घुसून फुटते. टेप काढून कापडी टेप लावा. ती रिमच्या खाचेत काठापासून काठापर्यंत बसली पाहिजे, एकही भोक उघडे नको.

आता ब्रेकची पद्धत. हळूहळू, ब्रेक घासत उतरणे सुरक्षित वाटते, पण रिम त्यानेच सर्वांत जास्त तापते, कारण वेग कमी असला की हवेचा रोध मदतीला येत नाही आणि उतरण्याची जवळजवळ सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. सरळ तुकड्यावर ब्रेक सोडा. वळणाआधी दोन्ही ब्रेक घट्ट लावून वेग पाडा आणि वळणात शिरताना पुन्हा सोडा. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून चाक गार होऊ द्या. रिमला बोट लावून बघू नका, चटका बसतो. हवाही कमी ठेवा: २८ मिमी टायरला ७५ किलोच्या माणसाला ७५-८० पीएसआय पुरे. दुकानात सवयीने ११० भरून देतात.

बारा वर्षांच्या मुलीसोबत पहिली लांब फेरी. कुठे? (पुणे)

वाई-मेणवली-धोम. जाऊन-येऊन वीस किलोमीटरच्या आत, मोठा चढ नाही. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे; धोमला कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी मुलांना हमखास आवडतो. मेणवलीचा घाट बघायला दुपारी उशीर नको, तिथे चित्रीकरण असले की गर्दी होते.

दिवाळीनंतर भोर भागात हमखास पंक्चर. शिवाय एकदा मागचे चाक जाम झाले. (हडपसर)

पंक्चर सराट्याने आणि कुंपणाच्या बाभळीच्या काट्याने. रस्त्याची कड सोडून चाकोरीतून चाला, कारण गाड्यांची चाके तिथला काटा उडवून कडेला टाकतात. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट नव्हे, कापडाचा तुकडा फिरवा. तुटलेले टोक कापडात अडकते. ते तसेच राहिले तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

चाक जाम होते ते भाताच्या पेंढ्याने. या दिवसांत काही ठिकाणी भात रस्त्यावरच पसरलेला असतो. पेंढा डिरेलरच्या खालच्या चक्रीत आणि कॅसेटमागे गुंडाळला जातो. पायडल जड लागताच थांबा, जोर लावू नका. जोर लावला की डिरेलर आऱ्यांत ओढला जातो. सायकल उलटी करून पायडल मागे फिरवत काड्या हाताने उपसा. आणि पसरलेल्या भातावरून मुळात जाऊच नका: उतरा, सायकल उचला, कडेने चाला. ते कुणाचे तरी वर्षाचे पीक असते.