लाँगइयरब्येनला ग्रहण बघायला निघाला आहेस, तर

31 डिसेंबर 2028 चं खग्रास चंद्रग्रहण स्वालबार्डहून (आर्क्टिकमधला नॉर्वेचा द्वीपसमूह, लाँगइयरब्येन हे तिथलंच गाव) बघायचं ठरवलंस, छान केलंस. सूर्य तिथे तेव्हा उगवतच नाही आणि पौर्णिमेचा चंद्र मावळत नाही, त्यामुळे चंद्रोदयाची भानगड नाही. खग्रास स्थिती स्थानिक वेळेनुसार साधारण 5:16 ते 6:28, संध्याकाळी. (आपल्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजून गेलेले असतील, घरच्यांनाही गच्चीवर पाठव.)

चंद्र पूर्वेला, क्षितिजापासून जेमतेम बावीस अंशांवर असेल. गाव डोंगरांच्या कुशीत आहे, म्हणून आदल्या दिवशीच त्याच वेळी जाऊन आडोसा कुठे येतो ते बघून ठेव. दिव्यांपासून लांब जायचा मोह होईल, पण वस्तीबाहेर एकट्याने अजिबात जायचं नाही. पांढरी अस्वलं खरोखर फिरतात. बंदूकवाला वाटाड्या घे, पैसे वाचवू नकोस.

थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाशी ठेव. जाड हातमोज्यांच्या आत पातळ मोजे घाल, उघड्या बोटांनी ट्रायपॉडच्या धातूला हात लावू नकोस. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद कर आणि तासभर उघडू नकोस, नाहीतर लेन्सवर दव धरलंच समज. खग्रासात चंद्र फारच मंद होतो, एक्स्पोजर सेकंदाच्या घरात न्यावं लागतं.

खग्रास चालू असताना मागेही वळून बघ. चांदणं विझल्यावर ध्रुवीय प्रकाश असला तर झकास दिसतो.

आणि हो, नॉर्वेच्या मुख्य भूमीमार्गे जाणार असशील तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) दुहेरी प्रवेशाचाच काढ, कारण स्वालबार्ड शेंगेनमध्ये येत नाही आणि परतताना पुन्हा प्रवेश करावा लागतो.