डबा तसाच परत जात असेल तर

अगं, आठवीचा वर्ग पहिल्यांदाच मिळालाय ना तुला, मग एक सांगते, पोरं एकमेकांना जो खरा त्रास देतात तो तुझ्या डोळ्यासमोर होतच नाही, तो मधल्या सुट्टीत, व्हॅनमध्ये आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर होतो. माझ्या वर्गातला एक मुलगा भरलेला डबा रोज तसाच घरी न्यायचा, आई म्हणायची भूक मंदावलीये, आणि खरं काय तर पोरांनी त्याच्या जेवतानाच्या फोटोचं स्टिकर केलेलं, म्हणून तो चारचौघांत घासच घेईना. मला कळायला दोन महिने लागले, अजून जीवाला लागतं ते.

अशा मुलाला सगळ्यांसमोर "कोण त्रास देतं सांग" असं कधीच विचारू नकोस, नंतर त्यालाच दुप्पट भोगावं लागतं. वह्या न्यायच्या निमित्ताने बोलव आणि नुसतं ऐकून घे, "दुर्लक्ष कर" म्हणू नकोस प्लीज. स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवायला सांग.

आणि जगावंसं वाटत नाही असं चुकूनही बोलला तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी पालकांना बोलव, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास फ्री आहे, मराठीतही बोलतात, मुलांसाठी 1098 पण आहे. दोन्ही नंबर आजच फळ्याच्या कोपऱ्यात लिही, पुसू देऊ नकोस.